शेजारचा आवाज

बोलणारा दिसत नाही आणि तरीही तो आपल्याशीच बोलत आहे असे वाटते, ही रेडिओची मोहिनी मजवर लहानपणापासून आहे. वर्तमानपत्र वाचावयाचे तर हातचे काम टाकून बसावे लागते. रेडिओ मात्र आपल्या कामाला हरकत घेत नाही. भाजी निवडता निवडता, दाढी करता करता तो ऐकता येतो. त्यामुळे तो हळूहळू घरातलाच एक होऊन बसतो, आणि घरच्या माणसावर चिडावे तसे आपण त्याच्यावर चिडूही लागतो.

मुळशी तालुक्यातील जांबे या गावी आप्तांकडे काही दिवस राहिलो, तेव्हा मला असा राग आला. जांबे हिंजवडीच्या शेजारी आहे. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो, त्यांच्या ओटीवर सकाळपासून पुण्याचे एक एफ. एम. केंद्र लागलेले असे. निवेदक तरुण, आवाज मधाळ, बोलणे अर्धे मराठी, अर्धे हिंदी. तो साऱ्या पुण्यास जिवलगासारखी हाक मारी, थट्टा करी, आणि मधूनच नव्या इमारतींतील घरांची तोंडभर स्तुती करी. गावात मात्र तेव्हा एकच विषय होता: जांबे, हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, गहुंजे, सांगवडे ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घालावीत की घालू नयेत. हा प्रस्ताव अनेक वर्षे पुन्हा पुन्हा डोके वर काढीत आला आहे. ज्या तालुक्याने १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या बरोबरीने धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेथे जमिनीशी निगडित प्रश्न लोकांच्या किती जिव्हाळ्याचा असेल हे सांगावयास नको. परंतु ओटीवरचा तो बोलका गृहस्थ या बाबतीत अवाक्षर काढीत नव्हता. घरातल्या आजीबाई एकदा म्हणाल्या, "एवढा बोलतोय हा, पण आपलं काय बोलतच न्हाई की!"

आजीबाईंच्या या तक्रारीचे उत्तर शोधावयाचे तर बरेच मागे जावे लागते. आपल्याकडे नभोवाणीचा नियमित व्यवहार प्रथम एका खाजगी मंडळीनेच आरंभला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये परवाना-शुल्क भरावे आणि त्यातील वाट्यावर कंपनीने जगावे, असा हिशेब होता. श्रोते थोडे, खर्च मोठा. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने तो व्याप आपल्याकडे घेतला. पुढे सुमारे सत्तर वर्षे नभोवाणी म्हणजे सरकार, हे समीकरण कायम राहिले. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी निघाले, तेव्हा दिल्लीस हे खाते बा. वि. केसकर या मराठी गृहस्थांच्या हाती होते. त्यांचा शास्त्रीय संगीताचा कैवार खरा होता, आणि त्याचे ऋण गवयांनी मानले पाहिजे. पण चित्रपटगीतांना त्यांनी दार लावून घेताच श्रोत्यांनी काटा सरळ सिलोनकडे फिरविला! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला त्यांची मनधरणी करावी लागली. सक्तीची अभिरुची अशीच फसते. १ नोव्हेंबर १९६७ पासून याच विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या, आणि त्या प्रथम मुंबई, नागपूर व पुणे या तीन केंद्रांवर. पुणेकरांनी याचे भूषण मानावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सरकारची ही मिरास डळमळली ती १९९५ मध्ये. न्यायमूर्ती प. बा. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात असे सांगितले की, आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या मालमत्तेचा मग लिलाव झाला! पहिल्या फेरीत चाळीस शहरांतील १०८ लहरी पुकारल्या गेल्या. शुल्क दर वर्षी शेकडा १५ ने वाढावयाचे, मिळकत होवो वा न होवो. पुष्कळांनी आधीच पाय मागे घेतला. उभी राहिली ती वीस-बावीस केंद्रे. पुण्यात रेडिओ मिरची आली ती याच फेरीत. २००५ मध्ये धोरण बदलून वार्षिक शुल्क ढोबळ उत्पन्नाच्या शेकडा चारवर आणले, तेव्हा रेडिओ सिटी, रेडिओ वन अशी आणखी केंद्रे शहरात आली. या सर्वांवर तीच ती गाणी का वाजतात, असे लोक विचारतात. ज्याने लहरीसाठी आधीच मोठी रक्कम मोजली, तो सर्वांना चालेल तेच गाणे लावणार. अनोळखी गाण्याचा जुगार त्यास परवडत नाही.

मला खरी गंमत वाटते ती या लहरींच्या स्वभावाची. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची मध्यमलहर सुमारे ३७९ मीटर लांबीची. ती जमिनीच्या उंचसखलपणास फारशी न जुमानता दूरवर जाते. एफ. एम.ची लहर तीन मीटरांच्या आसपास. आवाज तिच्यावर स्वच्छ उमटतो, विजांची खरखर तिला फारशी बाधत नाही. पण ती सरळ रेषेत चालते आणि आड डोंगर आला की क्षीण होते. म्हणजे शेजारपाजारापुरतेच बोलावे, असे हे साधन जात्याच आहे. अशा या साधनाच्या खाजगी चालकास स्वतःची बातमी सांगण्याची मात्र बंदी! २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुन्हा ऐकविण्याची मोकळीक दिली. हवामान, रहदारी, पाणीपुरवठा यांची माहिती ही 'बातमी' नव्हे असेही ठरविले. हिंजवडीच्या रस्त्यावर गाड्या अडल्या आहेत हे निवेदक सांगू शकतो. जांबे महापालिकेत जाणार काय, हे सांगू लागला तर ती बातमी होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्यांसाठी द्यावीत, अशी शिफारस केली.

अफवा पसरतील, हे बंदीच्या बाजूचे जुने कारण. दूरचित्रवाणीवर रात्रंदिवस आरडाओरडा चालू आहे आणि अफवा तर प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात येऊन पडतात. तेव्हा या कारणात मला आता जीव दिसत नाही. दुसरी शंका मात्र मी झटकून टाकू शकत नाही. गाव महापालिकेत गेले तर जमिनीचे मोल बदलणार, आणि घरे बांधणाऱ्यांच्या जाहिराती तर याच केंद्रांवर वाजतात. बंदी उठली तरी असे केंद्र या प्रकरणात कोणाच्या तोंडाने बोलेल? तरीदेखील बंदी उठावी असेच मी म्हणेन. विकत घेतलेला आवाज लोक पुढेमागे ओळखतात; मुक्या ठेवलेल्या आवाजाची पारख कशी करणार? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास संमती दिली, आणि त्यायोगे मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांस उत्तेजन मिळेल असेही सांगितले. ठीक आहे. त्या स्थानिक मातृभाषेत ग्रामसभेची तारीख आणि तीत झालेला ठराव, एवढे तरी सांगू द्यावे.