पुस्तक कुणासाठी?

पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर रविवारी दुपारी सात-आठ मुले जमतात आणि मी त्यांना पुस्तके वाचून दाखविते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत हे सुरू झाले, तेव्हा मुलांचा गोंगाट थांबावा एवढाच हेतू होता. पुस्तके सार्वजनिक वाचनालयातून आणायची. १८४० साली स्थापन झालेल्या या वाचनालयाचा आम्हां नाशिककरांना केवढा अभिमान! पण तिथल्या बालविभागात मात्र लहानपणानंतर मी पाऊल टाकले नव्हते.

पहिल्या खेपेस निवडीला अर्धा तासही लागला नाही. यादी मनात तयारच होती : थोर पुरुषांची दोन चरित्रे, बोधकथा आणि 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिले. आपल्या गावच्या मुलांना ते ठाऊक नसावे याची मला लाज वाटे. जड पिशवी खांद्याला लावून रविवार कारंज्यावरून होळकर पुलाकडे चालताना आपण काही पुण्यकर्म करीत आहोत, असे वाटत होते.

चरित्रे वाचली तेव्हा मुलांनी जांभया दिल्या. 'श्यामची आई' मात्र सारी निमूट ऐकू लागली. वाचता वाचता माझाच गळा दाटून आला. तेवढ्यात कोपऱ्यातली दहा वर्षांची एक मुलगी उठली, फ्रॉक झटकला आणि काही न बोलता निघून गेली.

"तिला आई नाही ना, ताई," शेजारचा मुलगा सहज म्हणाला.

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही एकाच आळीत राहतो. तिची आई गेली तेव्हा मी भेटायलाही गेले होते. पण पुस्तक निवडताना ती मला आठवलीच नाही. साने गुरुजी आठवले, तुरुंग आठवला आणि खरे सांगायचे तर माझेच पाणावलेले डोळे आठवले. पुढचे तीन रविवार ती आली नाही.

पुस्तके परत करताना बालविभागातल्या बाईंना मी सारे सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच विचारले, "मुलांना कधी इथं आणलंस का गं?"

पुढच्या खेपेस मुलांना घेऊन गेले. तिलाही "नुसतं बघायला चल" म्हणून नेले. मुले पुस्तक कसे निवडतात ते त्या दिवशी मी प्रथमच पाहिले. जाडी चाचपायची, अक्षर केवढे आहे ते बघायचे, मधलेच पान उघडून तिथेच फरशीवर फतकल मारायची, नाही आवडले तर बेधडक परत ठेवायचे. सातवीतल्या एका मुलाने अगदी लहानांचे चित्रमय पुस्तक उचलले. मी त्याला अडविणार होते. बरे झाले, अडविले नाही. अडखळत वाचणाऱ्या त्या मुलाने रविवारी ते स्वतः मोठ्याने वाचले. तिने उचलला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. फुरसुंगीच्या त्या काटकुळ्या पोराला मी माझ्या यादीत कधीच घेतले नसते. तिने मात्र त्याची सारी गोष्ट 'ट्टॉक'सकट ओसरीवर सांगितली.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात २००९ पासून शंभर शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत जाऊ लागल्या. पेटी दारी येते, पण तीतले पुस्तक उचलणारा हात वाचकाचाच असतो. मी दारी पुस्तके आणली होती आणि उचलणारा हातही माझाच ठेवला होता.

म्हणून मोठ्यांनी निवडूच नये असे नाही. आजही दोन पुस्तके मी माझ्या पसंतीची आणते, आधी घरी मोठ्याने वाचून पाहते. फक्त वाचताना ओसरीवर कोण कोण बसणार आहे, ते एकदा आठवते.

दिवाळीनंतर ती मुलगी एकदा मागे रेंगाळली. "ताई, ते आईचं पुस्तक आणशील? पण वाचून नको दाखवूस. माझं मी वाचीन."

आणून दिले. परतीची तारीख उलटली, तरी मी मागितले नाही. शेवटी तिनेच आणून दिले. त्याला तपकिरी कागदाचे नीट कव्हर घातलेले होते. तिने काही सांगितले नाही, मीही विचारले नाही.

वाचनालयात बाईंनी दंडाची पावती फाडून हातात दिली. इतक्या आनंदाने दंड मी आजवर कधी भरला नव्हता.