फोटोवाल्या मामाबरोबर कोल्हापुरात

दोस्तांनो, तुमच्या घरात आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम असेलच. लहानपणी आम्ही भावंडं तो मांडीवर घेऊन बसायचो आणि “यात मी कुठंय?” म्हणून भोकाड पसरायचो! आता हसू येतं. पण त्या अल्बममध्ये आणखी एक माणूस कधीच सापडत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? सगळा दिवस तो तिथंच असतो, सगळ्यांच्या पुढं पुढं असतो, तरी एकाही फोटोत नसतो. कोण बरं? बरोबर! फोटो काढणारा.

माझा धाकटा मामा असा फोटोवाला आहे. गेली तीसएक वर्षं तो कोल्हापुरात लग्नाचे, साखरपुड्याचे, बारशाचे आणि दागिन्यांचे फोटो काढतोय. गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, “मामा, मला तीन दिवस तुझ्याबरोबर हिंडायचंय. माझ्या वर्गातल्या मुलांना सांगेन.” मामा म्हणाला, “ये की. पण पिशव्या उचलाव्या लागतील, मास्तरीणबाई!”

कोल्हापूर आणि कॅमेरा यांचं नातं जुनं आहे बरं का. इथल्या बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारकच उभं आहे. त्याच्यावरून जाताना मामा दर वेळी गाडीचा वेग कमी करतो. का, ते मी विचारलं नाही. मला कळलं.

पहिला दिवस पन्हाळ्याचा. रविवारी लग्न असलेल्या मुलीचे आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे फोटो गडावर काढायचे होते. मुलीबरोबर तिची धाकटी बहीणही आली होती. कोल्हापूरपासून पन्हाळा साधारण २० किलोमीटर. आम्ही पहाटे पाचलाच निघालो. एवढ्या लवकर का? तर उन्हाळ्यात नऊ-दहा वाजले की ऊन डोक्यावर येतं. मग डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात, माणसं डोळे बारीक करतात. सकाळचं ऊन तिरपं आणि मऊ असतं.

आधी आम्ही तीन दरवाजाकडे गेलो. तो गडाच्या पश्चिम अंगाला आहे, त्यामुळे सकाळी तिथं सावली असते. काळ्या दगडावरचं कोरीव काम आणि समोर आकाशाचा शांत उजेड! हाच तो पन्हाळा, जिथून १६६० च्या पावसाळ्यात शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून विशाळगडाकडे निसटले. २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत पन्हाळाही आहे. म्हणून मामानं आधीच परवानगी काढून ठेवली होती. एका भिंतीवर कुणीतरी आपलं नाव खरवडलेलं दिसलं. मामानं तिथं कॅमेरा उघडलाच नाही. “असल्या नावाला माझ्या फोटोत जागा नाही,” म्हणाला.

दोघं आधी फार अवघडले होते. एखादा म्हणाला असता, “हसा!” मामा तसं कधीच म्हणत नाही. त्यानं विचारलं, “काय पाव्हणं, स्वयंपाक येतो का?” नवरदेव म्हणाला, “चहा येतो.” नवरी पटकन बोलली, “त्यात साखर विसरतात!” दोघं खळखळून हसली आणि तेवढ्यात टिक्! झाला फोटो.

पुढं नवरदेवाला तटाच्या कडेवर उभं राहून फोटो हवा होता. खाली खोल दरी. मामाचा आवाज एकदम बदलला. “खाली उतरा. फोटो काय, उद्या पण निघंल.” तो मुकाट्यानं उतरला. मुलांनो, हे वाक्य तुम्हीही पाठ करून ठेवा.

दुसरा दिवस गुजरीचा. अंबाबाईच्या देवळाजवळची ही सराफांची पेठ. इथं नवरीच्या आईचा कोल्हापुरी साज नव्यानं गाठवून तयार होता आणि रविवारी तो लेकीच्या गळ्यात जायचा होता. साज तुम्ही पाहिलाय का? बारीक पोकळ सोन्याचे मणी, आत लाख भरलेली, आणि मण्यांच्या मधे नक्षीची पानं. परंपरेनं ही पानं २१ मानतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. मी एकेक पान बोटानं दाखवत मासा शोधला, कासव शोधलं. मामा ओरडला, “हात नको लावू! बोटाचा ठसा उठतो.” मग मला सुती हातमोजे मिळाले.

सराफांच्या माडीवर मामानं एक छोटा तंबू उभारला. चारी बाजूंनी पांढरं पातळ कापड, बाहेरून दिवे. पंखा बंद, कारण कापड हललं की सगळं हलतं. घामाच्या धारा लागल्या! मामानं पहिला फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघितला. सोन्याचे मणी चक्क हिरवे!

“अरेच्चा, पाचूचे झाले की काय?” मी म्हटलं.

मामानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी पोपटी ड्रेस घातला होता. तंबूच्या समोरच्या फटीतून मी प्रत्येक मण्यात दिसत होते! मामा म्हणाला, “पोरी, सोनं म्हणजे आरसा. समोर जे असंल ते दाखवणार. जा, त्या खांबामागं उभी राहा.” मामा स्वतः काळा सदरा घालून का आला होता, ते मला तेव्हा उमगलं. मग त्यानं काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या साजाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. गंमत अशी, की नुसता पांढरा उजेड असला तर सोनं फिकट, सपाट दिसतं. काळ्या पट्टीचं प्रतिबिंब कडेला पडलं, की मणी गोल दिसायला लागतो. म्हणजे उजेड दिसायलाही थोडा काळोख लागतो.

एका साजाला अडीच तास लागले. तेवढ्यात नवरीची आई साज न्यायला आल्या. मामाला बघून म्हणाल्या, “दादा, ह्या वेळी रीळ संपू देऊ नका हं!” सगळे हसले. मामा मात्र नीट हसला नाही.

घरी येताना मी खोदून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. या बाईंचं लग्न मामानंच टिपलं होतं, १९९६ साली. तेव्हा कॅमेऱ्यात रीळ असायचं आणि एका रिळात ३६ फोटो. मामा नवखा होता, कॅमेरा एकच. करवल्या, आत्या, मावश्या सगळ्यांचे फोटो काढता काढता शेवटची मंगलाष्टका आली, अंतरपाट बाजूला झाला आणि मामानं बटण दाबलं, तर रीळ संपलेलं! नवं रीळ घालेपर्यंत हार घालून झाले होते. “पुन्हा घाला म्हणालो असतो, तर घातले असते त्यांनी,” मामा म्हणाला, “पण तो खोटा फोटो झाला असता.”

एवढ्यावर गोष्ट संपली नाही. त्यांचं गाव पंचगंगेच्या काठाला. ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. कोल्हापूरला पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. रातोरात घर सोडताना त्यांनी दागिन्यांचा डबा बरोबर घेतला. अल्बम कपाटातच राहिला. पाणी ओसरल्यावर चिखलानं भरलेला तो अल्बम घेऊन त्या मामाच्या दुकानात आल्या आणि टेबलावर ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

मामानं स्वच्छ गार पाण्याच्या ट्रेमध्ये एकेक फोटो अलगद सोडवला. चिखल चोळला नाही, पाण्यातच हलवून सोडवला. मग उन्हात न ठेवता, सावलीत, चित्राची बाजू वर करून वाळवला. जे फोटो एकमेकांना चिकटून वाळले होते, ते गेलेच. पण मामाच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तारीख घातलेल्या पाकिटांत जुन्या निगेटिव्ह. त्यांवरून त्यानं गेलेले फोटो पुन्हा काढून दिले. फक्त एक फोटो देता आला नाही. जो काढलाच नव्हता, तो.

आता तुम्हाला कळलं ना, मामा का हसला नाही?

रविवारी मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. मामा कार्यालयात सकाळी सातलाच हजर. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं, प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरणार. खिशात जादा बॅटरी. पलीकडच्या बाजूला त्याचा मदतनीस दुसरा कॅमेरा घेऊन उभा. मला काम दिलं होतं पिशवी सांभाळायचं, पण माझ्याच छातीत धडधडत होतं!

मंगलाष्टका सुरू झाल्या. अक्षता उडायला लागल्या. मामानं हातानं काचेवर आडोसा धरला. शेवटचं “सावधान” झालं, अंतरपाट हलला आणि नेमके त्याच क्षणी एक पाहुणे मोबाइल उंच धरून मामाच्या पुढ्यात आले! माझ्या तोंडून “अहो!” निघून गेलं. मामा काही बोलला नाही. तो खटकन खाली बसला, पाहुण्यांच्या कोपराखालून कॅमेरा पुढं केला आणि टिक् टिक् टिक्!

नंतर बघितलं, तर काय सांगू! नवरीचा चेहरा, गळ्यात आईचा साज, हवेत तरंगणाऱ्या अक्षता. आणि दोघांच्या मधे, मागं, पदरानं डोळे टिपणारी आई. मामानं तो फोटो आधी त्यांनाच दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “दादा, माझा राहिलेला फोटो मिळाला.” मामानं मान खाली घातली आणि काढून घेतलेलं कार्ड सदऱ्याच्या खिशात टाकून बटण लावलं.

दागिना मोडला तर पुन्हा घडवता येतो. निघून गेलेला क्षण नाही घडवता येत, हे मी त्या दिवशी शिकले.

म्हणून दोस्तांनो, या सुट्टीत एक काम करा. घरातला जुना अल्बम काढा आणि आजी-आजोबांजवळ बसा. कोण कोण आहे ते विचारा. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नाव आणि वर्ष लिहा. बॉलपेननं नको, पुढच्या बाजूला वळ उमटतो. अल्बम तळाच्या खणात न ठेवता उंचावर ठेवा. मोबाइलमधले फोटो आई-बाबांना सांगून आणखी दोन ठिकाणी उतरवून घ्या.

आणि हो, निघताना मी मामाच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि त्याचाच एक फोटो काढला. घामानं डबडबलेला, केसांत अक्षता. जरासा हललाय, पण आहे!