उठल्यावर दुखणारें डोकें

शस्त्रक्रिया म्हटली कीं घरांतील सर्वांचें लक्ष सुरीकडे असतें. जखम केवढी, टांके किती, रक्त द्यावें लागलें काय, हे प्रश्न भेटीस येणारा प्रत्येक मनुष्य विचारतो. तिसऱ्या दिवशीं रोगी "डोकें दुखतें" म्हणाला, तर मात्र तें कोणी फारसें मनावर घेत नाहीं. पोट कापलेल्या माणसाचें डोकें दुखण्याचें कारण काय, असें आपणांस वाटतें. ह्या दुर्लक्षित डोक्याविषयीं चार शब्द लिहावे, असें आमच्या मनांत पुष्कळ दिवसांपासून होतें.

कंबरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून खालचें अंग बधिर करण्याची रीत जर्मनींतील कील शहरीं ऑगस्ट बिअर ह्या शस्त्रवैद्यानें १८९८ सालीं सुरू केली. पुढें कांहीं रोग्यांस डोकेदुखी व ओकारी होते असें पाहून, त्यानें त्याच वर्षीं ती सुई स्वतःच्या पाठींत टोंचवून घेतली. परंतु पिचकारी सुईस नीट बसेना. पाठीच्या कण्यांतील पुष्कळसें पाणी वाहून गेलें आणि प्रयोग फसला. तेव्हां हिल्डेब्रांट नांवाच्या त्याच्या मदतनिसानें आपली पाठ पुढें केली. त्याचे पाय बधिर झाल्यावर नडगीवर लोखंडी हातोडी मारून पाहिली, जळता चिरूट टेकविला. त्यास वेदना म्हणून झाली नाहीं. (आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या प्रयोगाचें अनुकरण करूं नये, हें सांगणें शिक्षक ह्या नात्यानें आम्हांस भाग आहे.) त्या संध्याकाळीं दोघे आनंदानें जेवले. पुढें मात्र दोघांचींही डोकीं दुखूं लागलीं. बिअर उठून बसला कीं डोकें भणभणे, आडवा झाला कीं थांबे; असे त्यानें नऊ दिवस काढले. वाहून गेलेलें पाणीच ह्याचें मूळ असावें, हें त्यानें तेव्हांच ताडलें होतें.

हें पाणी म्हणजे मेंदूची गादी होय. प्रौढ माणसाच्या अंगांत तें सुमारें १५० मिलिलिटर असतें व मेंदू त्यांत तरंगत असतो. सुईच्या छिद्रांतून तें झिरपत राहिलें कीं उभ्या माणसाचा मेंदू किंचित् खालीं सरकतो, त्याचीं आवरणें ताणलीं जातात, रक्तवाहिन्या फुगतात आणि मान, कपाळ, डोळ्यांच्या मागची बाजू ठणकूं लागते. निजल्यावर ताण सुटतो व दुखणेंही जातें.

नेमकी हीच गोष्ट रोग्यास खोटें पाडते. आमच्या धाकट्या बहिणीचें बाळंतपण पोट चिरून झालें, त्यावेळीं आम्ही हें डोळ्यांनीं पाहिलें. बाळास पाजावयास उठून बसली कीं तिच्या डोळ्यांतून पाणी येई. पडून राहिली कीं चेहरा स्वच्छ. भेटीस आलेल्या एक वयस्क मावशी म्हणाल्या, "निजल्यावर बरें आणि उठल्यावर दुखतें, असें कुठें डोकें असतें काय, पोरी?" ती बिचारी काय उत्तर देणार? जें रोगाचें लक्षण, तेंच आळसाचा पुरावा ठरलें. तिनें उशी घेतली म्हणून असें झालें, असाही एक निकाल तेथें लागला. वास्तविक उशीनें कांहीं बिघडत नाहीं. सुई टोंचल्यानंतर चोवीस तास सक्तीनें उताणें पडून राहिल्यानें हें दुखणें टळतें, असेंही आढळलेलें नाहीं.

हें दुखणें कोणास अधिक होतें, त्याचा हिशेब आहे. अमेरिकेंत १९५६ सालीं दहा हजारांवर अशा बधिरीकरणांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत पुरुषांत शेकडा ७ व स्त्रियांत शेकडा १४ असें प्रमाण निघालें. तरुण वयांत संभव जास्त, म्हातारपणीं कमी. बाळंतिणीस फार, आणि ज्यास पूर्वीं असें दुखणें झालें आहे त्यासही. एकापेक्षां अधिक वेळां टोंचावें लागलें तर धोका वाढतो. पण सर्वांत मोठी गोष्ट सुईची. सुई जाड, तर भोंक मोठें. शिवाय तिचें टोंक धारदार असेल तर आवरण कापलें जातें. शिसपेन्सिलीसारखें असेल तर तंतू बाजूस सरतात व सुई काढल्यावर पुन्हां जवळ येतात. असें टोंक १९५१ पासून प्रचारांत आलें, आणि बारीक सुयांसह त्यानें असंख्य रोग्यांचें दुखणें वांचविलें.

पाठींत सुई न टोंचतांही डोकें दुखूं शकतें. आपल्याकडे त्याचें एक घरगुती कारण म्हणजे चहा. दिवसांतून चार पेले घेणाऱ्यास शस्त्रक्रियेसाठीं उपाशी ठेवलें, कीं बारा ते चोवीस तासांत त्याचें डोकें आपला हक्क मागूं लागतें. पुष्कळ ठिकाणीं आतां शस्त्रक्रियेच्या दोन तास आधींपर्यंत बिनदुधाचा चहा घेऊं देतात. डॉक्टरांस आधीं विचारावें.

पाठीच्या सुईचें दुखणें बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातें. न गेल्यास रोग्याच्याच दंडांतून सुमारें २० मिलिलिटर रक्त काढून तें पाठींत, छिद्राजवळ, आवरणाबाहेर सोडतात. तें गोठून भोंक बुजतें. ही युक्ति गॉर्मली नांवाच्या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९६० सालीं प्रथम प्रसिद्ध केली. आमच्या बहिणीस तिची गरज पडली नाहीं. दहाव्या दिवशीं ती भिंतीस टेकून बसूं लागली. परंतु निजूनही डोकें थांबत नसेल, ताप येत असेल, मान ताठली असेल, झटका आला असेल किंवा दृष्टि अंधुक झाली असेल, तर प्रकार निराळा. आणि बाळंतिणीच्या बाबतींत तर रक्तदाब तपासावयास एक तासही दवडूं नये.