पेटीचे काय बदलायचे?

बाबांची पेटी सातारच्या घरी माळ्यावर वीसेक वर्षे पडून होती. नातीला शिकायचे आहे म्हणून खाली काढली. भाता फाटलेला, पट्ट्यांखालच्या चामड्याला कसर लागलेली, स्प्रिंगा गंजलेल्या आणि खर्जातला एक सूर मुका. सांगलीहून दादा फोनवर म्हणाला, "अगं, त्यात उरलंय काय? नवी घे." तरीही मी ती सांगलीला नेली आणि दोघे मिरजेला गेलो.

मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पेटी मात्र मूळची परकी. पॅरिसच्या दबें यांनी १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले. आपण ती मांडी घालून वाजवू लागलो. आकाशवाणीवर तिला १९४० ते १९७१ बंदी होती. बाबा म्हणत, "दिल्लीला चालत नसेल, आपल्या देवघराला चालते!"

कारागिराने झाकण उघडून विचारले, "रीडचा संच नवा टाकू?" नवे रीड गुजरातेतून, पालिताण्याहून येतात, आणि चांगले असतात. पण रीड म्हणजे पेटीचा गळा. पितळेची ती पातळ जीभ हवेने थरथरते. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. गळाच बदलला तर बाबांची पेटी कुठे राहिली?

मग असे ठरले: झिजण्यासाठीच जे असते ते सगळे नवे. चामडे, भाता, स्प्रिंगा. त्यातही स्प्रिंगा सगळ्या एकदम, नाहीतर काही पट्ट्या जड लागतात, काही हलक्या, आणि शिकणाऱ्या बोटाला चुकीची सवय लागते. रीड जुनेच, फक्त साफ करून सुरात लावायचे.

राहिला तो मुका सूर. त्याची जीभच तडकली होती. कारागिराने एक नवे रीड वाजवून दाखवले, मग मोडीत निघालेल्या एका पेटीतले जुने. नवे खणखणीत होते, पण शेजारच्या सुरांत वेगळे पडत होते. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "जुनं बसवा. बाबांच्या आरतीत हा सूर असाच घोगरा लागायचा." नवी पेटी घे म्हणणारा तोच हा दादा!

असो. पेटी आता साताऱ्यात आहे. नात अजून सा धरूनच बसते. दिवाळीला येणाऱ्या मंडळींनी आरतीची तयारी करून यावे. पेटीवर दादा बसणार आहे.