‘पाणी लागले’ : एका क्रियापदाचा शोध

‘लागणे’ हे क्रियापद आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, लळा लागतो. दूरच्या नात्यातील एखादी बाई आपली आत्या लागते. इतके अर्थ एका शब्दात कसे नांदतात, हा प्रश्न मला आमच्या दोन घरांमुळे पडला.

माझे आजोळ सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, तर घर सांगलीत कृष्णेकाठी. माणच्या कोरड्या माळावर विहीर खणताना ‘पाणी लागले’ असा निरोप आला, की आजोळी गूळ वाटला जाई. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी चढत असता हेच दोन शब्द ऐकू आले, की माणसे धान्याची पोती माळ्यावर चढवीत. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात ते शब्द शेजारच्या गल्लीतून आले, तेव्हा आईने प्रथम औषधे आणि घराची कागदपत्रे बांधून घेतली. वाक्य तेच, आजोळी त्याने आनंद झाला, सांगलीत घर सोडण्याची वेळ आली.

या कोड्याचे उत्तर व्युत्पत्तीत सापडते. संस्कृत ‘लग्’ या धातूचा अर्थ चिकटणे, जडणे. त्याचे धातुसाधित ‘लग्न’. त्यावरून प्राकृतात ‘लग्ग’ आणि मराठीत ‘लाग’. ‘लग्न’ म्हणजे आधी पूर्व क्षितिजाला टेकलेली रास, मग शुभ वेळ आणि पुढे विवाह. स्पर्श हा या शब्दकुळाचा मूळ अर्थ होय. पाणी पहारीला भिडले तरी ‘लागते’, उंबऱ्याला भिडले तरी ‘लागते’. त्याचे सुख मानावे की भय, हे संदर्भ ठरवतो. आपल्या भागात उसाची लागण करतात आणि तापाची लागण होते, तेही याच न्यायाने.

हेच क्रियापद सहायक म्हणूनही येते. ‘ती वाचू लागली’ यात आरंभ आहे. ‘तिला वाचावे लागले’ यात सक्ती आहे. आपल्यापैकी अनेकांना शिक्षण मध्येच सोडावे लागले होते आणि आता आपण पुन्हा शिकू लागला आहात. या दोन रचनांमधील अंतर व्याकरणात एखाददुसऱ्या प्रत्ययाचे आहे. ते ओलांडायला किती वर्षे लागली, हे आपणच जाणता.