डोळे बांधलेली राणी



2018 सालच्या मे महिन्यात आम्ही नवरा-बायको दहा वर्षांच्या नातवाला घेऊन फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला गेलो होतो. धाकटा मुलगा नोकरीनिमित्त तिथे होता. तो म्हणाला, "इथलं कॅथेड्रल बघितल्याशिवाय परत जायचं नाही." आमच्या मनात मात्र धाकधूक. आपले कित्येक वडीलधारे चर्चचा उंबरठा ओलांडत नाहीत. मग ठरवलं, आधी बाहेरून तर बघू!

बाहेरूनच आमची मान दुखायला लागली. गुलाबी रेतीदगडाचं ते काम पाहून वाटलं, हा दगड कोरलाय की विणलाय? मनोरा एकच, 142 मीटर उंच. तो 1439 साली पुरा झाला. 1647 ते 1874 या काळात जगात याहून उंच इमारत नव्हती म्हणे! फ्रेंच क्रांतीच्या वेळी काही लोक म्हणाले, "सगळे समान, मग हा मनोरा एवढा उंच का? पाडा!" तेव्हा गावकऱ्यांनी शक्कल लढवली. मनोऱ्याला क्रांतीची लाल पत्र्याची टोपी घातली आणि त्याला वाचवलं. नातू खूप हसला.

आतलं प्रसिद्ध घड्याळ बघायला दुपारी दक्षिणेकडच्या दाराशी रांग लागते. आम्हीही उभे राहिलो. दोन दारांच्या मधोमध शलोमो राजा सिंहासनावर बसलेला. आपला राजा बघून बरं वाटलं. पण त्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या आहेत. डावीकडची ताठ, डोक्यावर मुकुट, हातात क्रूस आणि प्याला. उजवीकडचीचे डोळे पट्टीने बांधलेले, हातातला भाला मोडलेला, मान खाली गेलेली. दुसऱ्या हातातून मोशेच्या दहा आज्ञांच्या पाट्या निसटताहेत.

मुलगा हळूच म्हणाला, "पहिली म्हणजे चर्च. दुसरी म्हणजे सिनेगॉग. आपण."

आमच्या पोटात कालवलं. हे पुतळे 1230 च्या सुमाराचे. मूळ पुतळे आता जवळच्या संग्रहालयात आहेत, दारावर त्यांच्या प्रतिकृती आहेत. यहुद्यांना सत्य दिसत नाही, असं गावाला शिकवण्यासाठी ते उभे केले. आणि शिकवण फुकट गेली नाही. युरोपात प्लेगची साथ आली तेव्हा यहुद्यांनी विहिरींत विष कालवलं अशी आवई उठली. इथे तर साथ पोचलीही नव्हती. तरी 14 फेब्रुवारी 1349, शब्बाथच्या दिवशी, इथल्या शेकडो यहुद्यांना जिवंत जाळलं.

विहिरीचं नाव ऐकून आम्हांला अलिबागची आमच्या घरामागची विहीर आठवली. शेजारपाजारच्या बाया तिथंच पाणी भरायच्या. लोक आपल्याला शनवार तेली म्हणायचे, पण पाण्यावरून कुणी आपल्याकडे बोट दाखवलं नाही. ते किती मोठं होतं, हे या दाराशी उभं राहून कळलं.

ही म्हणाली, "चला परत. नको ते घड्याळ." पण नातू त्या पुतळ्याकडेच बघत होता. म्हणाला, "सबा, ती आंधळी नाहीये. पट्टी दुसऱ्यांनी बांधलीय. आणि दोघींत तीच जास्त सुंदर आहे."

खरंच होतं ते. तिच्या अंगावरच्या झग्याच्या चुण्या, कमरेची वळण, सगळं कारागिराने मन लावून घडवलंय. हुकूम देणाऱ्यांनी तिला हरलेली दाखवायला सांगितलं असेल, पण छिन्नी धरणाऱ्या हातांनी तिची अब्रू राखली. आम्ही आत गेलो.

आत डोळे दिपले. टोकदार कमानी छताचा भार खांबांवर घेतात, बाहेरून दगडी टेकू आधार देतात. त्यामुळे भिंतीला ओझं राहत नाही आणि तिच्या जागी रंगीत काचा बसवता येतात. ऊन आत आलं की फरशीवर निळा-तांबडा उजेड पडतो. साडेबाराला घड्याळातले बारा पुतळे फिरले, कोंबडा आरवला. मृत्यूच्या सांगाड्यासमोरून मूल, तरुण, प्रौढ आणि म्हातारा पाळीपाळीने जातात. म्हातारा आला तेव्हा नातवाने आमच्याकडे बोट दाखवलं! आम्हीही हसलो.

रात्री चौकात आइस्क्रीम खात बसलो होतो. दहाच्या सुमाराला कॅथेड्रलची घंटा वाजू लागली. मुलाने सांगितलं, पूर्वी या घंटेला यहुद्यांनी शहराबाहेर पडायचं असे. दिवसा धंद्याला यायचं, रात्री राहायचं नाही. 1791 साली फ्रान्सने यहुद्यांना नागरिकत्व दिलं तेव्हा कुठे हे संपलं. नाझींनी 1940 साली इथलं मोठं सिनेगॉग जाळलं. 1958 साली नवं बांधलं, त्याचं नाव शांतीचं सिनेगॉग. आम्ही शब्बाथला तिथेच गेलो.

नातवंडांना असं काही दाखवू नये, असं आम्हांला वाटायचं. आता वाटतं, दाखवावं. सुंदर ते सुंदर म्हणून, वाईट ते वाईट म्हणून. एकाच दारावर दोन्ही असतात.

घंटा वाजत होती. नातवाने विचारलं, "सबा, उठायचं का?"

आम्ही म्हणालो, "बस रे. आइस्क्रीम संपव सावकाश."