दिल्लीची मैना, वसईची साळुंकी

जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन तरुणपणी वॉशिंग्टनमध्ये पाट्या रंगवायचे. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटची शिष्यवृत्ती चालून आली होती. ती सोडून ते पियानोकडे वळले. मी शाळेत चित्रकला शिकवते. त्यांची ही गोष्ट वाचल्यापासून मला ते आपल्यातलेच वाटतात. पुढे त्यांच्या रचनांच्या नावांतही रंग येत राहिले: १९३० चं 'मूड इंडिगो', १९४३ चं 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज'.

त्यांचा 'फार ईस्ट स्वीट' हा अल्बम मात्र मी वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहायला आल्यावरच मन लावून ऐकला. १९६३ मध्ये अमेरिकी सरकारने एलिंग्टनचा वाद्यवृंद आशियाच्या दौऱ्यावर पाठवला. दिल्ली झाली, मुंबई झाली, पुढेही बरंच फिरणं झालं. नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली आणि दौरा अर्ध्यावर थांबला. अल्बमचं ध्वनिमुद्रण व्हायला मात्र डिसेंबर १९६६ उजाडला. पाहिलेलं-ऐकलेलं आधी आत मुरू द्यायचं, मग कागदावर उतरेल तसं उतरू द्यायचं, अशी एलिंग्टनची भूमिका होती. आमच्याकडच्या ताला-सुरांची नक्कल त्यांना करायची नव्हती, आणि म्हणूनच मला या अल्बमबद्दल इतका आदर आहे.

त्यातली 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' मी परत परत लावते. एलिंग्टनचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न हेही पियानोवादकच. दिल्लीच्या मुक्कामात एक मैना रोज तीच लकेर घ्यायची. ती त्यांनी उचलली. जिमी हॅमिल्टनचं क्लॅरोनेट ती लकेर घेऊन येतं, खाली अख्खा वाद्यवृंद झुलत असतो, पण पक्षी काही बधत नाही. पुन्हा तेच, तितक्याच तोऱ्यात. पक्ष्याचा स्वभावच पकडलाय!

आमच्या इमारतीत साळुंक्या पुष्कळ. एका रविवारी सकाळी, पाण्याचा टँकर यायच्या आधी, मी ही रचना हळू आवाजात लावली होती. ग्रिलवर एक साळुंकी येऊन बसली. डोळ्यामागची पिवळी कातडी उन्हात हळदीसारखी दिसत होती. मान खाली-वर करत तिने आपलं सुरू केलं: दोन किरकिऱ्या हाका, एक शीळ, मग घशातली गुरगुर. क्लॅरोनेटशी काही जुळत नव्हतं. स्ट्रेहॉर्ननी त्या सगळ्या गोंगाटातून किती थोडं घेतलं, ते तेव्हा कळलं. बाकीचं त्यांनी खुशाल सोडून दिलं होतं.

पावसाळ्यात मी गच्चीवरून तुंगारेश्वरचा डोंगर रंगवते. हा अल्बम ऐकला त्या वर्षी वही वर नेलीच नाही; नुसतं पाहायचं आणि खाली यायचं. वसईत पाणी साचलं, ओसरलं, नवरात्र आलं, तेव्हा कुठे जलरंग काढले. डोंगर कागदाच्या कडेला गेला, अगदी बारीक. मधली सगळी जागा ओल्या करड्या रंगाने घेतली, आणि त्यात एका पत्र्याच्या छपराचा निळा तुकडा आपसूक आला. ते छप्पर गच्चीवर असताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

आता वर्गात निसर्गचित्राच्या तासाला मी मुलांना खिडकीशी उभं करते, पाहू देते. कागद दुसऱ्या दिवशी वाटते.